उद्धवराव पॉइंट

उद्धवराव आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि पंचाईत अशी की तेही खरंच होतं.

सात वर्षांपूर्वी हिवरवाडीला, म्हणजे परतूरकडच्या त्यांच्या गावी, चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. मांडवात जो तो आपापलं सांगत होता. कुणाचा पोरगा तलाठी झाला होता, कुणाच्या बोअरला तीन इंच पाणी लागलं होतं. उद्धवराव पिंपरी-चिंचवडला गिअर बनवणाऱ्या कंपनीत मशीनपुढे उभे राहायचे, आणि उभं राहण्यात सांगण्यासारखं काय असतं? पण मठ्ठ्याचा तिसरा ग्लास पोटात गेला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडं माझ्या नावाचा पॉइंट आहे."

यात तसूभर खोटं नव्हतं. कंपनीची बस ज्या कोपऱ्यावर थांबून माणसं उचलते, त्याला कामगार मंडळी पॉइंट म्हणतात. चिखलीचा पॉइंट, मोशीचा पॉइंट. कृष्णानगरच्या वळणावर, स्पाइन रस्त्याच्या कडेला, त्या काळी नाव द्यावं असं काहीच नव्हतं. ना देऊळ, ना दवाखाना, ना चौक. रोज सकाळी सहा दहाला एकच माणूस डबा घेऊन तिथे उभा असायचा. बसच्या ड्रायव्हरने आपल्या यादीत लिहून टाकलं, 'उद्धवराव पॉइंट'. पुढे कंपनी भोसरीतून निघोज्याला गेली, बस बदलली, ड्रायव्हर बदलला, पण यादीतलं नाव कुणी बदललं नाही. असल्या याद्या बदलायला कुणाला वेळ असतो?

पण मांडवात गावचे मास्तर बसले होते, आणि मास्तर नुकतेच महाबळेश्वर करून आले होते. त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं की पॉइंट म्हणजे काय. डोंगराची कडा असते, कठडा असतो, खाली दरी असते, आणि मोठमोठ्या साहेबांची नावं त्या जागांना दिलेली असतात. कुणीतरी उठून उद्धवरावांना आपली खुर्ची दिली. त्याच वेळी त्यांनी तोंड उघडायला हवं होतं. पण समोरच्या बायकांच्या घोळक्यात केसरअक्का बसली होती, आणि तिने पदर तोंडाला लावला होता.

केसरअक्का त्यांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा उद्धवराव चार वर्षांचे होते. अक्काने त्यांना कडेवर घेऊन खुरपणी केली, स्वतःच्या लग्नात त्यांना मांडीवर बसवून अक्षता घेतल्या आणि एकोणिसाव्या वर्षी एसटीत बसवून दिलं. त्या अक्काच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून उद्धवरावांनी तोंड मिटलं ते मिटलंच. पुढली सात वर्षं हिवरवाडीत कोणताही कार्यक्रम असो, केसरअक्काला पहिल्या रांगेत बसवायचे. पॉइंटवाल्याची बहीण म्हणून.

आता उद्धवराव निवृत्त होऊन चार महिने झाले होते, आणि अक्का जन्मात पहिल्यांदा पिंपरीला आली होती. पिशवीत नारळ होता, आणि तिने स्वतःच्या हाताने विणलेला लाल-पिवळ्या लोकरीचा हार होता. वर ग्रामपंचायतीने सांगून पाठवलं होतं की पॉइंटसमोर उभं राहून फोटो काढून आणा, हॉलमध्ये लावायचाय.

"उद्धवा," चहाचा कप खाली ठेवायच्या आधीच तिने विचारलं, "पॉइंट कवा दावतूस?"

"दाखवू की. आधी विश्रांती घे," उद्धवराव म्हणाले आणि स्वयंपाकघरात पळाले.

स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी कुसुमताई शेंगदाण्याचं कूट करत होत्या. "चार मिनिटांवर आहे," त्या म्हणाल्या. "हात धरून चालत न्या, दाखवा, आणि सांगून टाका. अक्का काय खाणार आहेत तुम्हाला?"

"काय दाखवू? विजेच्या डीपीची पेटी?"

"मग पंक्चरवाला दाखवा. तोही तिथंच आहे."

कुसुमताईंच्या या बोलण्यावर उद्धवराव संतापले नाहीत, कारण त्यांचं लक्ष बाहेर बसलेल्या अक्काकडे होतं. प्रश्न त्यांच्या अब्रूचा असता तर त्यांनी ती डीपीच्या पेटीवर ओवाळून टाकली असती. पण अक्का परत जाऊन गावाला काय सांगणार होती? खरं सांगितलं तर हसं होणार, आणि खोटं सांगावं तर त्या बाईला खोटं बोलता येत नव्हतं. सत्तरीच्या वयात तिला पहिल्या रांगेतून उठवायचं, आणि तेही आपल्यामुळे, हे त्यांना सहन होत नव्हतं.

रात्रभर विचार करून त्यांनी तोडगा काढला. शहरात मिनीबसने फिरवणारी एक 'नगरी दर्शन' सहल निघते, गाइडसकट. सकाळी नऊ ते दुपारी दोन, एकूण सात ठिकाणं. अक्काला इतकं दाखवायचं, इतकं दाखवायचं, की तिचे पाय सुजले पाहिजेत आणि आठवं ठिकाण बघायची इच्छाच राहता कामा नये.

"आपलं आपण फिरलेलं काय वाईट?" कुसुमताई म्हणाल्या. "हवं तिथं थांबता येतं."

"तेच तर नको आहे," उद्धवराव म्हणाले.

खरं कारण आणखी एक होतं आणि ते त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. त्यांना शहर माहीत नव्हतं. तेहेतीस वर्षं ते या शहरातून रोज दोनदा गेले होते, पण झोपेत. बसमध्ये उजवीकडची पाचवी खिडकी धरायची, टेकायचं, पुढचा पॉइंट यायच्या आत डोळा लागायचा, आणि गेटवर बसने ब्रेक मारला की आपोआप उघडायचा. स्वतः दाखवायला निघाले असते तर बहिणीला त्यांनी फक्त गेट दाखवलं असतं.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात मिनीबस उभी होती. कुसुमताई घरीच थांबल्या होत्या. गाइडचं नाव अंजली. तिशीची, केस घट्ट बांधलेली, हातात माइक आणि कागदाची यादी. सहलीत तळेगाव दाभाड्याचं एक पाच जणांचं कुटुंब होतं, एक नवं जोडपं होतं, आणि हिंजवडीच्या आयटी कंपनीतले दोन तरुण होते. तीन वर्षं याच शहरात राहून आपण ट्रॅफिकशिवाय काहीच पाहिलं नाही म्हणून ते आले होते. उद्धवरावांना ते एकदम जवळचे वाटले.

बस हलली. अंजलीने माइक हातात घेतला आणि उद्धवरावांच्या तोडग्याचं पहिल्याच वाक्यात वाटोळं केलं.

"नमस्कार मंडळी! आज आपण सात पॉइंट बघणार आहोत."

अक्का ताठ बसली. "म्हंजी ह्यांच्यातच हाय व्हय आपला!"

त्यानंतर दुर्गा टेकडीवर अक्काने विचारलं, "ह्यो का?" सायन्स पार्कमध्ये विचारलं, "ह्यो का?" चिंचवडला मोरया गोसावींच्या देवळात तिने हात जोडले, प्रसाद घेतला आणि मग हळूच विचारलं, "ह्यो तर नसंल." प्रत्येक वेळी उद्धवराव म्हणायचे, "पुढं आहे, अक्का." मध्ये बस सुरू झाली की सवयीने त्यांचा डोळा लागायचा. तेवढ्या वेळात अक्का शेजारच्यांना सगळं सांगून टाकायची. असं करत चौथ्या पॉइंटपर्यंत बसमधल्या प्रत्येकाला ठाऊक झालं की खिडकीशी घोरणारे हे गृहस्थ साधे नव्हेत, यांच्या नावाचा पॉइंट आहे.

"मॅडम," तळेगावकर गृहस्थ म्हणाले, "उद्धवराव पॉइंट कितवा?"

अंजलीने यादी वर-खाली पाहिली. "असा पॉइंट नाही."

"कसा नाही? या बाई जालन्याकडून तेवढ्यासाठी आल्यात."

"मी यादीत नसलेलं दाखवत नाही. आणि जे नाही ते तर सांगतही नाही," अंजली म्हणाली. मुलगी सरळ होती आणि असल्या बाबतीत तिचा स्वभाव जरा कडकच होता. पण सहलीला आलेल्या माणसाला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो, तर आपल्याला काहीतरी दाखवायचं टाळलं जातंय याचा. जे दाखवलं ते कसं होतं याचं त्याला फारसं काही नसतं. बसमध्ये कुजबुज सुरू झाली. नव्या जोडप्यातली मुलगी म्हणाली, तिच्या मैत्रिणीने बहुतेक तिथे फोटो काढले होते.

हिंजवडीच्या एका तरुणाने मोबाइलवर नकाशा उघडला. "नकाशात नाहीये," तो म्हणाला.

उद्धवरावांना हायसं वाटलं.

"पण ॲड करता येतो," दुसरा म्हणाला, आणि त्याने केला. स्पाइन रस्त्यावर कुठेतरी अंदाजे टिंब ठेवलं. पाचव्या पॉइंटपर्यंत त्या जागेला पाच तारे मिळाले होते आणि तीन अभिप्रायही आले होते. 'शांत परिसर. कुटुंबासह अवश्य भेट द्या,' असं तळेगावकर काकूंनी लिहिलं होतं, बसमध्ये बसल्याबसल्या. एकाने पार्किंगची गैरसोय असल्याची तक्रारही केली होती.

सहावा पॉइंट झाला. अक्काचे पाय सुजले होते, पण तिने चप्पल काढून मांडी घातली आणि पिशवीतून लोकरीचा हार बाहेर काढून मांडीवर नीट पसरला. आता फक्त एक उरला होता, आणि अक्काला मोजता येत होतं.

सातवा पॉइंट उद्यान होता. अक्काने आत पाय टाकला, कारंजं बघितलं, झोपाळे बघितले, बाहेर आली आणि काही विचारलं नाही. बसमध्ये बसताना फक्त म्हणाली, "मास्तर चुकला आसंल."

सगळा दिवस तिने विचारलं तेव्हा उद्धवरावांना जेवढा त्रास झाला नव्हता, तेवढा आता ती विचारत नाही म्हणून झाला. ते उठले. बस चालू होती. खिडकीचा गज धरून म्हणाले, "मॅडम, आहे. पॉइंट आहे. पण तो दाखवण्यासारखा नाही."

"म्हणजे बंद आहे?" तळेगावकरांनी विचारलं.

"उद्धवराव पॉइंट?" हा आवाज पुढून आला. मिनीबसचा ड्रायव्हर साहेबराव, साठीचा माणूस, सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता. त्याने आरशात पाहिलं. "कृष्णानगरचं वळण? अहो, ते नाव मीच लिहिलंय! नऊ वर्षं होतो मी त्या कंपनीच्या गाडीवर." मग त्याने आरशातून आणखी निरखून पाहिलं. "उद्धवराव, तुम्ही? जागे होता म्हणून ओळखलं नाही राव."

"साहेबराव, सरळ चला," अंजली म्हणाली. "यादीत नाही."

"मॅडम, माझ्या यादीत आहे," साहेबराव म्हणाला, आणि त्याने बस वळवली.

दोन वाजून तीन मिनिटांनी बस थांबली. सगळे उतरले. उद्धवराव शेवटी उतरले, कारण पाय निघत नव्हता. समोर डीपीची पेटी होती, तिच्यावर शिकवणीच्या जाहिराती चिकटवलेल्या. टायर टांगलेलं पंक्चरचं दुकान होतं. एक करंजाचं झाड, फुटपाथचे उखडलेले चार ब्लॉक, आणि मागे एका सोसायटीची भिंत. झाडाखाली एक मुलगी पाठीला सॅक अडकवून मोबाइल बघत उभी होती.

मंडळी इकडेतिकडे बघू लागली. नव्या जोडप्याने, आलोच आहोत तर असू द्यावा, म्हणून डीपीपाशी फोटो काढला. तळेगावकरांच्या धाकट्याने विचारलं, "दरी कुठेय?"

अंजली मात्र इकडेतिकडे बघत नव्हती. तिने माइक खाली घेतला होता. तिने एकदा ते ब्लॉक पाहिले, एकदा उद्धवरावांचे पाय पाहिले. "कंपनीच्या बसचा पॉइंट," ती हळू म्हणाली. "माझे पप्पा लांडेवाडीच्या पॉइंटवरून चढायचे. आम्ही गॅलरीतून बघायचो." मग तिने माइक उद्धवरावांपुढे धरला. "काका, हा तुम्हीच सांगा. मला सांगता येणार नाही."

उद्धवरावांनी माइक धरला. त्यांनी आधी त्यात फुंकर मारली, आणि ती बसवरच्या भोंग्यातून सगळ्यांना ऐकू आली.

"अक्का," ते म्हणाले, "हा पॉइंट म्हणजे... इथं मी बसची वाट बघायचो. सकाळी सहा दहाची. सेकंड शिफ्ट असली की दुपारी दोन दहाची. तेहेतीस वर्षं. दुसरं इथं काही नाही. माझं नाव ड्रायव्हरनं दिलं, कारण दुसरं काही सापडलं नाही. तिकडं मास्तर म्हणाले दरी, आणि मी गप्प बसलो. तू रडत होतीस म्हणून गप्प बसलो. चुकलो."

भोंग्यातून 'चुकलो' दोनदा आलं. पंक्चरवाल्याने हवा भरायचं यंत्र बंद केलं.

अक्का पुढे आली. उखडलेल्या ब्लॉकवर पाय ठेवून उभी राहिली. "हितं हुबा ऱ्हायचास?"

"हो."

"पावसात?"

"झाड आहे ना."

"तवा झाड व्हतं का?"

"नाही. मीच लावलं, नंतर."

तिने मान वर करून करंजाकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, जिकडून बस येते तिकडे. आता तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते उद्धवरावांना वाचता येईना. ज्या माणसाला या बाईची भुवईदेखील पाठ होती, त्याला आज काहीच कळत नव्हतं. हार तिच्या हातात लोंबकळत होता.

शेवटी तिने सॅकवाल्या मुलीला हाक मारली. "ए बाई, नाव काय तुजं?"

मुलीने कानातला इअरफोन काढला. "योगिनी."

"हितं काय करायलीस?"

"कंपनीची बस येईल आता. सेकंड शिफ्ट आहे." एवढे लोक का जमलेत ते तिला कळत नव्हतं.

"ह्या जागेला काय म्हंत्यात?"

"ही? उद्धवराव पॉइंट." योगिनीने मोबाइल दाखवला. कंपनीच्या बसच्या ॲपमध्येही तेच नाव होतं.

"कोन उद्धवराव?"

"ते काय माहीत नाही, आजी. मला लागून तीनच महिने झालेत." योगिनीने खांदे उडवले. "पण असतील कुणीतरी मोठे. त्याशिवाय नाव देतात का? स्वातंत्र्यसैनिक वगैरे असणार. वारले बहुतेक."

मग केसरअक्का हसली. अशी हसली की दुकानाला टांगलेले टायर हलले असं साहेबराव पुढे सगळ्यांना सांगत असे. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि या वेळी तिने पदर तोंडाला लावला नाही.

"आयकलंस का उद्धवा? मास्तर चुकला न्हाई!" मग योगिनीकडे वळून ती म्हणाली, "वारला न्हाई, पोरी. ह्यो बघ. म्या वाढिवलाय."

आणि तिने लोकरीचा हार उद्धवरावांच्या गळ्यात घातला. नारळ डीपीच्या कडेला फोडू लागली तेव्हा पंक्चरवाला धावत आला, आणि मावशी करंट बसेल म्हणून त्याने तो आपल्या ऐरणीवर फोडून दिला. तळेगावकरांनी टाळ्या वाजवल्या. हिंजवडीच्या तरुणांपैकी एकाने नकाशातलं टिंब उचलून बरोबर झाडाखाली आणून ठेवलं. योगिनी उद्धवरावांच्या पाया पडली. इतकी घाबरली होती ती, की दोनदा पडली.

तेवढ्यात दोन दहा झाले. मोशीच्या बाजूला तोंड करून निघालेली पांढरी बस वळणावर आली, दार उघडलं, आणि नव्या ड्रायव्हरने सवयीने हाक दिली, "चला, उद्धवराव! उद्धवराव!"

"आलो!" उद्धवराव म्हणाले.

ते म्हणाले असं म्हणण्यात अर्थ नाही. ते निघून गेलं तोंडातून. उजवा पाय पायरीवर पडलासुद्धा. गळ्यात हार, हातात माइक, आणि माइकची वायर मागे मिनीबसपर्यंत ताणलेली.

ड्रायव्हरने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बाबा, बाजूला व्हा जरा. हा उद्धवराव पॉइंट आहे. इथं फक्त कंपनीची माणसं चढतात."

हे भोंग्यातून सगळ्यांनी ऐकलं. साहेबराव खवळून पुढे निघाला. योगिनी "अहो, हेच ते," म्हणू लागली. पण उद्धवरावांनी पाय खाली घेतला. "बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले आणि बाजूला झाले. योगिनी चढली. उजवीकडच्या पाचव्या खिडकीत जाऊन बसली, आणि बस निघेपर्यंत हात हलवत राहिली.

बस दिसेनाशी झाली तरी उद्धवराव तिकडेच बघत होते. चार महिन्यांत त्यांना पहिल्यांदाच कळलं की आपण आता कुठे जाणार नाही आहोत. त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं.

"हितं ये," अक्का म्हणाली. "फोटू ऱ्हायलाय. कसा हुबा ऱ्हायचास रोज, तसा हुबा ऱ्हा."

उद्धवराव आपल्या ब्लॉकवर जाऊन उभे राहिले. अंजलीने फोटो काढला. मग यादीच्या खाली पेनने आठ हा आकडा लिहिला, आणि दोन दहाची वेळ लिहिली.

तो फोटो आता हिवरवाडीच्या ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये आहे. त्यात दरी नाही, कठडा नाही. मास्तरांनी तो बराच वेळ निरखला आणि पावसाळ्यात धुकं असतं तिथे, असं गावाला सांगितलं. केसरअक्काने त्यांना तिथल्या तिथे दुरुस्त केलं. ती जे खरं ते सांगते, आणि पहिल्या रांगेत बसून सांगते. लोक तिला एकच विचारतात, की फोटोत उद्धवरावांचा डावा हात असा वाकडा का आहे.

"त्यात डबा आसतो," ती म्हणते.